वेळापत्रक कोणाच्या हाती? दूरशिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

दूरशिक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या सदरात देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील काही जण दूरशिक्षणाने पदवी वा पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही घरापासून महाविद्यालय लांब नाही आणि सायंकाळचे वर्गही उपलब्ध आहेत. समोर शिक्षक असलेला वर्ग सोडून पुस्तकांचा गठ्ठा घेऊन एकट्याने बसणे माणसे का पसंत करतात?

उत्तर : दूरशिक्षण घेणारा विद्यार्थी आडबाजूला राहतो आणि महाविद्यालयापर्यंत पोहोचता येत नाही म्हणून नाइलाजाने हा मार्ग धरतो, असे आपण सर्वसाधारणपणे गृहीत धरतो. काहींच्या बाबतीत ते आजही खरे आहे. मात्र महाविद्यालयाच्या भिंतीला लागून राहणारी माणसेही दूरशिक्षणाला प्रवेश घेतात, आणि त्यांची अडचण वाटेची नसून वेळेची असते. वर्ग ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाला भरतो व तो कोणासाठी थांबत नाही. जिची पाळी दर आठवड्याला बदलते अशी परिचारिका, ज्याला ऐनवेळी बाहेरगावी जावे लागते असा विक्री प्रतिनिधी, किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल करणारी व्यक्ती, यांना सायंकाळचा वर्ग सकाळच्या वर्गाइतकाच गैरसोयीचा असतो.

त्या परिचारिकेचेच उदाहरण घेऊ. तिच्या विषयाचा तास मंगळवारी आणि गुरुवारी सायंकाळी असतो. पहिल्या आठवड्यात दिवसपाळी असल्यामुळे ती दोन्ही तासांना हजर राहते. दुसऱ्या आठवड्यात दुपारची पाळी लागते आणि दोन्ही तास बुडतात. तिसऱ्या आठवड्यात ती वर्गात जाऊन बसते, तेव्हा फळ्यावरचे समीकरण आधीच्या दोन तासांत शिकवलेल्या गोष्टींवर उभे असते आणि तिला त्यातले काहीही कळत नाही. कोणाची तरी वही मागून घ्यावी, तर त्या वहीत केवळ निष्कर्ष लिहिलेले असतात, ते कसे निघाले ते नसते. नोकरी करणारा विद्यार्थी वर्गातून गळतो तो बहुधा अशा ठिकाणी. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर दोन तास बुडाले म्हणून. छापील घटक, म्हणजे दूरशिक्षणाच्या पुस्तकातील एकेक पाठ, किंवा ध्वनिमुद्रित व्याख्यान मात्र रात्रपाळी संपेपर्यंत जिथल्या तिथे असते. दूरशिक्षणाच्या आकर्षणाचे मूळ मला तरी यातच दिसते.

बाकीची कारणे यालाच जोडून येतात. पूर्णवेळ शिक्षणाचा सर्वांत मोठा खर्च शुल्काचा नसून त्या काळात बुडणाऱ्या मिळकतीचा असतो, आणि ज्याच्यावर घर चालते त्याला तो परवडणारा नसतो. हवा तो विषय जवळच्या महाविद्यालयात नसणे, आजार किंवा अपंगत्वामुळे रोज बाहेर पडता न येणे, ही कारणे उघड आहेत. शिकण्याच्या गतीचे कारण मात्र कमी बोलले जाते. वर्गाची गती एकच असते. काहींना ती रेंगाळणारी वाटते, काहींना धाप लावणारी. लेखाशाखेत दहा वर्षे काम केलेल्या माणसाला हिशेबशास्त्राची पहिली तीन प्रकरणे चाळली तरी पुरतात, पण संख्याशास्त्राचे एकच प्रकरण त्याला चार वेळा वाचावे लागते. ही मुभा वर्गात मिळत नाही.

याचे बोलके उदाहरण २०११ सालचे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुला केला आणि त्याला सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नोंदणी केली. ही संख्या गाजली, पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. ज्यांना वर्गात बसण्याचा हक्क होता अशा त्याच विद्यापीठातील अनेक विद्यार्थ्यांनी हळूहळू वर्गात येणे सोडले, कारण थांबवून पुन्हा पाहता येणारी चित्रफीत त्यांना अधिक सोयीची वाटली. त्यांना अंतराची अडचण नव्हती, नोकरीचीही नव्हती.

आणखी एक कारण लोक पत्रात क्वचितच लिहितात. चाळिशीनंतर पुन्हा शिकू पाहणाऱ्या माणसाला आपल्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांसमोर चुकीचे उत्तर देण्याचा संकोच वाटतो. अनेक जण प्रवेश घेतल्याचे घराबाहेर कोणाला सांगतही नाहीत. नापास झालो तर ते आपल्यापुरते राहावे, ही इच्छा अगदी माणसासारखी आहे आणि तिला भित्रेपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही. ‘कमी अभ्यासात पदवी मिळेल’ या समजुतीने येणारेही असतात, हे नाकारता येत नाही. त्यांची निराशा बहुधा पहिल्याच परीक्षेत होते.

प्रश्न : मी दूरशिक्षणाने पदवी घ्यायचे ठरवले आहे, परंतु माझ्या वडिलांच्या मते ज्यांना कोठेच प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी काढलेली ही पळवाट आहे. त्यांना काय सांगावे?

उत्तर : वडिलांच्या मताला काहीच आधार नाही असे म्हणता येणार नाही, कारण दूरशिक्षणाच्या नावाखाली केवळ प्रमाणपत्रे वाटणाऱ्या संस्था अनेक देशांत निघाल्या आणि त्यांनी या पद्धतीचे नाव खराब केले. या पद्धतीचा इतिहास मात्र बराच वेगळा आहे.

१८४० साली इंग्लंडमध्ये एकसमान स्वस्त टपालदर सुरू झाले आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवण्यास सुरुवात केली. विद्यार्थी दिलेला उतारा लघुलिपीत लिहून परत पाठवत आणि पिटमन चुका दुरुस्त करून तो पुन्हा रवाना करत. पद्धतीचा गाभा येथेच तयार झाला होता : मजकूर जातो, विद्यार्थ्याचे काम परत येते आणि कोणीतरी जाणकार ते तपासतो. यातील शेवटची पायरी गळाली की उरते ती पुस्तकविक्री.

पुढे १८५८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षांसाठी संलग्न महाविद्यालयात शिकण्याची अट काढून टाकली. जगात कोठेही राहून, कसाही अभ्यास करून परीक्षेला बसता येऊ लागले आणि उत्तीर्ण होणाऱ्यास पदवी मिळू लागली. येथे सवलत हजेरीत होती, परीक्षेत नव्हती. वडिलांशी बोलताना हा फरक आपण आवर्जून सांगावा, कारण त्यांच्या मनातील शंका नेमकी याच ठिकाणी आहे. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगात असताना आधी लंडन विद्यापीठाच्या बहिःस्थ अभ्यासक्रमाचा अभ्यास केला आणि १९८९ साली, सुटकेच्या आदल्या वर्षी, दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची कायद्याची पदवी त्याच मार्गाने मिळवली. त्यांच्या अभ्यासाला पळवाट म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ मध्ये २० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीचा अभ्यास सुरू झाला. या विद्यापीठाने प्रवेशासाठी पूर्वशिक्षणाची अट ठेवली नाही. दार सर्वांना उघडे होते, पण बाहेर पडताना कसोटी पक्की होती. त्याच धर्तीवर पुढे अनेक देशांत मुक्त विद्यापीठे निघाली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालचे आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचे. तेव्हा आपण निवडलेली संस्था त्या त्या देशाच्या अधिकृत नियामकाच्या यादीत आहे की नाही, आणि नेमका आपला अभ्यासक्रम दूरशिक्षणासाठी मान्यताप्राप्त आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी स्वतः तपासून वडिलांना दाखवावे. संस्थेची मान्यता आणि अभ्यासक्रमाची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पाहायची राहून गेल्यामुळे लोक अधिक फसतात.

प्रश्न : ऑनलाइन शिक्षण आणि दूरशिक्षण एकच का?

उत्तर : नाही. ठरलेल्या वेळी संगणकासमोर बसून थेट व्याख्यान ऐकायचे असेल, तर तो वर्गच आहे; फक्त खोली बदलली. प्रवासाचा वेळ वाचतो, वेळापत्रकाचे बंधन तसेच राहते. दूरचित्रवाणीच्या काळातही हीच अडचण होती. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे कार्यक्रम बीबीसीवरून पहाटे किंवा रात्री उशिरा दाखवले जात आणि विद्यार्थ्यांना तेव्हा जागे राहावे लागे. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर आल्यावर त्यांची यातून सुटका झाली. म्हणून अभ्यासक्रम ऑनलाइन आहे एवढे ऐकून समाधान मानू नये. त्यातील किती भाग आपल्या सवडीने करता येतो, हे विचारावे.

प्रश्न : मोठ्या उत्साहाने प्रवेश घेतला, पुस्तके आली, परंतु अभ्यास होत नाही. पुस्तक उघडले की दहा मिनिटांत दुसरे काहीतरी आठवते. परीक्षा जवळ आली की घाबरायला होते. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का?

उत्तर : इच्छाशक्तीला लगेच दोष देऊ नये. ज्या मोकळेपणासाठी आपण हा मार्ग निवडला, त्याच मोकळेपणाची ही किंमत आहे. वर्ग आपल्याला शिकवतो त्यापेक्षा अधिक काम तो आपल्याला बसवण्याचे करतो. ठरलेली वेळ, शेजारचा विद्यार्थी, हजेरीचा कागद, शिक्षकाची नजर, या सगळ्या गोष्टी आपल्या वतीने रोज निर्णय घेत असतात. दूरशिक्षणात ‘आज अभ्यास करायचा का’ हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो आणि दिवसभराच्या कामानंतर त्याचे उत्तर ‘उद्या’ असे निघते. वर उल्लेख केलेल्या २०११ च्या अभ्यासक्रमात १ लाख ६० हजारांपैकी शेवटपर्यंत पोहोचणारे २० हजारांच्या थोडे वर होते. त्यांपैकी अनेकांनी केवळ कुतूहलापोटी नाव नोंदवले असेल हे मान्य केले, तरी गळतीचे प्रमाण मोठेच आहे.

यावर उपाय असा की हा रोजचा निर्णय एकदाच घेऊन टाकावा. ‘रोज दोन तास’ असा संकल्प मोडतोच. त्याऐवजी आठवड्यातील आपले खात्रीचे मोकळे तास कोणते, हे आधी कागदावर मांडावे. ते चारच निघाले तरी चालतील, पण ते ठरलेले असावेत आणि घरातील सर्वांना ठाऊक असावेत. घरच्यांना ते माहीत असणे आवश्यक आहे, कारण घरी बसलेला माणूस मोकळाच आहे असे इतरांना वाटते आणि प्रत्येक निरोप, प्रत्येक पाहुणा त्याच्याकडे येतो. शक्य असल्यास हे तास घराबाहेर, वाचनालयात घालवावेत.

दुसरी गोष्ट पद्धतीची. दूरशिक्षणाची चांगली पुस्तके नेहमीच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा वेगळ्या रीतीने लिहिलेली असतात. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे असतात, दोन-तीन पानांनंतर चौकटीत स्वयंअध्ययनाचे प्रश्न येतात, त्यांखाली उत्तरासाठी चार-पाच रेघा मोकळ्या सोडलेल्या असतात आणि उत्तरे घटकाच्या शेवटी दिलेली असतात. बहुतेक विद्यार्थी या रेघा कोऱ्याच ठेवून पुढे जातात. तसे करू नये. त्या रेघांच्या जागी वर्गात शिक्षक असतो. ‘हे आता तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणणारा तो एकमेव आवाज तेथे आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. पुन्हा पुन्हा वाचल्याने विषय समजल्यासारखे वाटते, आणि एकट्याने अभ्यास करणाऱ्याला ही फसगत दाखवून देणारे कोणी जवळ नसते. तेव्हा पुस्तक मिटून त्या चार रेघा लिहाव्यात, मग शेवटचे उत्तर पाहावे.

परीक्षेची भीती वाटत असेल, तर आधी स्वाध्याय, म्हणजे घरी लिहून संस्थेकडे तपासायला पाठवायची उत्तरे, वेळेवर द्यावेत. त्यांची अंतिम तारीख हे दूरशिक्षणात बाहेरून येणारे जवळजवळ एकमेव बंधन आहे आणि त्याचा फायदा करून घेतला पाहिजे.

प्रश्न : शंका आली तर विचारायची कोणाला? केंद्रावर शिक्षकांना भेटण्याची संपर्क सत्रे मोजकी असतात, आणि मी पाठवलेला स्वाध्याय फक्त गुण घालून परत आला.

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातील खरे अंतर मैलांत मोजता येत नाही. ते दोघांमध्ये संवाद किती आहे आणि अभ्यासक्रम किती घट्ट बांधलेला आहे यांवर ठरते. संवाद कमी असेल तर विद्यार्थ्याला अधिक स्वावलंबी व्हावे लागते. या हिशेबाने शंभर जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून एकदाही न बोलणारा विद्यार्थी शिक्षकापासून फार दूर असतो, आणि ज्याच्या उत्तरावर समासात चार ओळी लिहून आल्या तो विद्यार्थी परदेशात असला तरी जवळ असतो.

म्हणूनच संस्थेची पारख करताना मी इमारत किंवा ॲप पाहण्याऐवजी तपासून आलेला एखादा स्वाध्याय पाहण्याचा आग्रह धरतो. पानाच्या कोपऱ्यात लाल शाईत ‘चौदा’ आणि एक सही, एवढेच असेल, तर तपासणाऱ्याने विद्यार्थ्यासाठी काहीच केलेले नाही. ‘दुसऱ्या परिच्छेदात आपण कारण आणि परिणाम यांची गल्लत केली आहे, घटक तीन पुन्हा पाहावा’ असे एक वाक्य असेल, तर तेथे शिक्षण चालू आहे असे समजावे. प्रवेशापूर्वी आधीच्या तुकडीतील विद्यार्थ्यांना गाठून अशी एक-दोन पाने पाहता येतात. स्वाध्याय किती दिवसांनी परत येतो हेही विचारावे. परीक्षा झाल्यावर परत येणारा स्वाध्याय निरुपयोगी आहे.

आपला प्रवेश झालेला आहे, तेव्हा संपर्क सत्राला रिकाम्या हाताने जाऊ नये. सत्र घेणाऱ्या शिक्षकाचा, म्हणजे समुपदेशकाचा, बहुतेक वेळ घटकाचा सारांश सांगण्यात जातो आणि तो सारांश आपल्या पुस्तकात असतोच. घटकवार लिहून काढलेल्या शंका सत्राच्या सुरुवातीलाच त्यांच्यासमोर ठेवल्यास सत्राचे स्वरूप बदलते, असा अनेकांचा अनुभव आहे. त्याच सत्रात भेटलेल्या दोघा-तिघांचा गट करून आठवड्यातून एकदा फोनवर बोलावे. मोठे गट सहसा निरोपांची आणि शुभेच्छांची देवाणघेवाण करण्यापुरते उरतात.

प्रश्न : माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. त्याला महाविद्यालयात जायचे नाही. घरी राहून दूरशिक्षणाने पदवी घेईन आणि उरलेल्या वेळात दुसरे कौशल्य शिकेन असे तो म्हणतो. परवानगी द्यावी का?

उत्तर : आधी त्याला वर्ग का नको आहे, हे शांतपणे विचारावे. एखादा खेळ, वाद्य किंवा व्यवसाय तो आधीपासून गांभीर्याने करत असेल आणि त्यासाठी त्याला दिवसाचे तास हवे असतील, तर त्याचा विचार समंजस आहे. परंतु ‘उरलेल्या वेळातील दुसरे कौशल्य’ कोणते, हे त्याला सांगता येत नसेल, तर मी थांबण्याचा सल्ला देईन. दूरशिक्षण प्रौढांसाठी घडत गेले, आणि त्यामागे एक गृहीतक आहे : विद्यार्थ्याला आपल्याला काय हवे ते माहीत आहे आणि त्याचा दिवस आधीच कशाने तरी बांधलेला आहे. मोकळ्या दिवसात अभ्यास करणे हे भरलेल्या दिवसात अभ्यास करण्यापेक्षा अनेकदा अवघड जाते. शिवाय त्या वयात महाविद्यालयातून मिळणाऱ्या पुष्कळशा गोष्टी अभ्यासक्रमात लिहिलेल्या नसतात. वेगळ्या घरांतून आलेल्या मुलांशी मैत्री, वाद घालण्याची सवय, एखाद्या शिक्षकाचा लागलेला ओढा, या गोष्टी टपालाने येत नाहीत.

त्याच वेळी, वर्गात त्याला कोणी त्रास देत होते का, किंवा शाळेत तो सतत मागे पडत होता का, याचीही चौकशी करावी. तसे असेल, तर दूरशिक्षणाने काही काळ दिलासा मिळेल, पण मूळ प्रश्नाकडे वेगळे लक्ष द्यावे लागेल. मधला मार्ग म्हणून त्याने आधी एखादा लहान, काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दूरशिक्षणाने पूर्ण करून दाखवावा. तो वेळेत आणि तुमच्या आठवणीशिवाय पूर्ण झाला, तर पदवीसाठी परवानगी देण्यास हरकत नाही.

प्रश्न : कोणते विषय दूरशिक्षणाने शिकू नयेत?

उत्तर : ज्यांत हाताला वळण लावावे लागते आणि चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ते विषय संपूर्णपणे दूरशिक्षणाने शिकता येत नाहीत. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये हजेरीची अट काढली, तेव्हाही वैद्यकशास्त्राला त्यातून वगळले होते. प्रयोगशाळेचे विषय मधल्या गटात येतात : सिद्धान्ताचा भाग घरी होऊ शकतो, पण प्रात्यक्षिकांसाठी ठरावीक दिवस केंद्रावर उपस्थित राहावे लागते. ती सोय कोठे आणि कधी आहे, हे प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे, कारण रजा मंजूर करून घेण्याचे काम शेवटी आपल्यालाच करायचे असते.